गोजराबाईंची खाट विकणे आहे

खाट गेली त्या दुपारी पंढरी मढवी जेवला, हॉलमधल्या मोकळ्या झालेल्या लादीवर चटई टाकून आडवा झाला आणि थेट संध्याकाळच्या चहालाच उठला. तीन महिन्यांत त्याला अशी झोप लागली नव्हती. एका लोखंडी खाटेने धडधाकट माणसाची झोप कशी उडवली हे सांगायचं, तर आधी पंढरी कसा आहे ते सांगायला हवं.

पंढरी नेरूळ गावातला, पिढीजात. आजोबा-पणजोबा मिठागरात राबले, पंढरी मात्र तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. एकोणतीस वर्षं तेच स्टोअर, तीच खुर्ची. त्याचा नियम एकच, वस्तू हातातून सुटण्याआधी तिला चिठ्ठी लागली पाहिजे. नाव काय, नग किती, दोष काय. बिनचिठ्ठीचा एक वायसरसुद्धा त्याने कधी बाहेर जाऊ दिला नाही. ही खोड घरीही आली. फ्रिजमधल्या डब्यावर चिठ्ठी असायची, ‘सुकटीचं कालवण, सोमवार, मीठ जास्त.’

“मीठ जास्त ह्ये कशाला लिवलाव?” बायको, म्हणजे जागृती, चिडायची.

“दोष लपवाचा नाय,” पंढरी म्हणायचा, आणि वर तेच कालवण दोनदा मागून घ्यायचा.

गावातल्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत उभी आहे. खालचं सगळं भाड्याने दिलेलं, दुसऱ्या मजल्यावर पंढरी, जागृती, कॉलेजात जाणारी मुलगी मनाली आणि पंढरीची आई गोजराबाई. वय शहात्तर. तरुणपणी मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेली बाई, पुढे वीस वर्षं बाजारात सुकी मासळी विकली. म्हातारपणी तिचा मुक्काम खालच्या ओट्यावर. सकाळी उतरायची ती जेवायला वर, परत उतरायची ती दिवेलागणीला वर. गावात कोणाची सून रुसली, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, हे त्या ओट्यावर आधी कळायचं आणि मग त्या घरात.

अशी बाई गौरीच्या सणाला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पंढरीने दवाखान्यात असते तशी खाट विकत आणली. तिला एक हॅन्डल होतं. ते डोक्याकडच्या भोकात घालून फिरवलं की पाठ वर यायची, पायाकडच्या भोकात घातलं की पाय. खाट हॉलच्या मधोमध बसली. महिना गेला, दुसरा गेला. हाड जुळलं. गोजराबाई मात्र उठेनात. वाकर, म्हणजे चालायला आधाराची ती चौकट, धरून कशाबशा संडासापर्यंत जायच्या आणि परत येऊन खाटेला चिकटायच्या. जेवण खाटेवर, मालिका खाटेवर, चौकशा खाटेवर.

फिजिओथेरपीला येणाऱ्या क्षिप्राने एक दिवस पंढरीला जिन्यात गाठलं. “काका, स्पष्ट बोलते. हाड झकास जुळलंय. आजींच्या मनात भीती बसलीय, आणि ही खाट त्यांच्या फार सोयीची झालीय. अजून दोन महिने अशाच झोपल्या तर पायातली ताकद जाईल. मग कोणीही काही करू शकणार नाही. आधी ती खाट घराबाहेर काढा.”

 पंढरीची आत्या अशीच पडली होती. तीन वर्षं खाटेवर होती, आणि ती खाटेवरून उठली नाही. आत्याचे ते काठीसारखे झालेले पाय त्याने स्वतः चेपले होते. तो तसाच वर गेला आणि आईला म्हणाला, “आये, खाट काराची. भंगारवाल्याला बोलवतंय.”

“चालू खाट भंगारान?” गोजराबाई ताडकन म्हणाल्या. “तू स्टोरवाला ना रं? चालू वस्तू भंगारान देतस?”

हे बरोबर वर्मी बसलं. पंढरी म्हणाला, मग कुठल्या तरी संस्थेला फुकट देऊ.

“फुकट तं अजिबात नाय. आजाऱ्याची खाट फुकट दिली तं आजार उलटून घरी येतो. पैशे घेऊनच द्याची.”

असा नियम गावात कोणीच ऐकलेला नव्हता. गोजराबाईंनी तो त्याच दुपारी काढला होता. पण आईच्या तोंडून आलेला नियम पंढरी तपासत बसला नाही, आणि तिथूनच त्याच्या मागे साडेसाती लागली.

मनालीने मोबाइलवर जुन्या वस्तू विकायचं अ‍ॅप उघडून दिलं. पंढरीने खाटेचा फोटो काढला आणि मजकूर सांगितला, “पेशंटची खाट, नग एक. हॅन्डल, नग एक. दोष : डाव्या बाजूला दोन ठिकाणी रंग उडालेला. पायाकडे फिरवताना करकर आवाज. गादीवर चहाचा डाग, बशीएवढा.”

“पप्पा, ही जाहिरात आहे की पंचनामा?” मनाली म्हणाली.

“लिही तू.”

पाच मिनिटांत पहिला मेसेज आला, ‘अव्हेलेबल आहे का?’ पंढरी हरखला. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून त्याने उत्तर लिहिलं, ‘होय. खाट उपलब्ध आहे. आपण केव्हा येता?’ पलीकडे चिडीचूप. मग दुसरा तेच विचारून गेला, मग तिसरा. आठवडाभरात एक्केचाळीस जणांनी खाट आहे का विचारलं, आणि आहे म्हटल्यावर एक्केचाळीसही जण गडप झाले. वाण्याच्या दुकानात जाऊन साखर आहे का विचारायचं आणि वाण्याने हो म्हटलं की पळत सुटायचं, असला हा प्रकार. पंढरीला त्या शब्दाचाच संताप यायला लागला. जेवताना फोन वाजला की त्याचा घास हातात राहायचा.

जे गडप व्हायचे नाहीत ते जास्त छळायचे. एकाने ‘लास्ट प्राइस’ विचारली, सांगितल्यावर ‘लास्टची लास्ट’ विचारली. एकाला खाटेच्या बदल्यात माशांची काचेची पेटी द्यायची होती, मासे धरून. एक जण म्हणाला मी लष्करात आहे, खाट न बघताच घेतो, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा. मनालीने वेळेवर फोन हिसकावला म्हणून, नाहीतर खाट राहिली असती आणि खातं साफ झालं असतं.

सगळ्यात चमत्कारिक होते ते हळहळणारे. ‘वाईट झालं,’ एकाने लिहिलं, ‘किती दिवस होते खाटेवर?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली. थोडं कमी होईल का?’ तिसरी बाई म्हणाली, घ्यायची होती, पण सासूबाई नको म्हणतात, खाट मयताची आहे.

“मयताची?” पंढरी ओरडला. “म्हातारी तं खाटंवर बसून शेंगा खाते हाय!”

मनालीने फोटो मोठा करून बघितला आणि कपाळावर हात मारला. खाटेच्या बरोबर वर, मागच्या भिंतीवर, पंढरीच्या वडिलांचा फोटो होता. गंध लावलेला, चंदनाचा हार घातलेला, वर लाल दिवा. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारे याच खाटेवर गेले आणि लेकाने तेराव्याच्या आत खाट विकायला काढली. वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि ते बिचारे चालताबोलता गेले होते.

“फोटो पाच मिनिटं उतरवू या, दुसरा काढू,” मनाली म्हणाली.

“खाट विकाला माझे बाबूसला खाली उतरवू?” पंढरीने साफ नकार दिला. मग त्याने उलट्या बाजूने फोटो काढला. त्यात वडील आले नाहीत, पण खाटेवर घोरणाऱ्या गोजराबाई आल्या. रात्रीच्या आत मेसेज आला, ‘पेशंट सोबत मिळणार का?’

शेवटी काही माणसं प्रत्यक्ष आली. पहिले आले कळंबोलीचे शहाजीराव. भला माणूस. खाट ठोकून बघितली, चाकं बघितली, करकर ऐकली. इतक्यात गोजराबाईंनी असा काही कण्हण्याचा सूर काढला, की शहाजीरावांनी हात जोडले. “राहू द्या दादा. आजींना जास्त गरज आहे.” पुढच्या शनिवारी एक नवरा-बायको आले. त्यांच्यासमोर गोजराबाई “अरं देवा, उचल मना” म्हणाल्या. ते दोघं चहासुद्धा न घेता गेले.

तिसऱ्या वेळी मात्र पंढरीने चोरी पकडली. बेल वाजली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात होता. समोर शोकेसची काच. काचेत त्याला आई दिसली. मांडी घालून मजेत मालिका बघत होती. बेल ऐकताच तिने झटकन मोबाइल बंद केला, पाय लांब केले, डोळे मिटले आणि सूर लावला.

आलेल्या माणसाला त्याने दारातूनच परत पाठवलं. मग खाटेच्या कडेवर बसला. “आये, नाटकं कवापासून करतेस?”

गोजराबाईंनी आधी डोळे उघडलेच नाहीत. मग उघडले, आणि ते भरलेले होते. “नाटक नाय रं पोरा. मना भ्याव वाटतं. ही खाट हाय तं मी परनार नाय. खाट गेली, नि मी परत परले तं?”

पंढरी रागवायला बसला होता. पण ज्या बाईने डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चिखलातले बांध ओलांडले, बाजारात चारचौघींशी भांडून जागा राखली, ती बाई भ्याव वाटतं म्हणत होती. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. “मना पन भ्याव वाटतं आये,” तो म्हणाला. “आत्याचं झालं तसं तुझं झालं तं मी काय करू?”

 मग गोजराबाईंनी कूस बदलली. खाटेचा विषय पंढरीनेही चार दिवस काढला नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. मेसेज नाही, फोन. शर्मिला नावाची बाई, कामोठ्याहून बोलत होती. “दादा, उद्या माझ्या आईला दवाखान्यातून सोडतायत. खुब्याचं ऑपरेशन झालंय. नवी खाट परवडत नाही. एकच विचारते, तुमच्या खाटेवरचा पेशंट बरा झाला का?”

दुसरा कोणीही असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. पण पंढरी पडला चिठ्ठीवाला. “ताई, खरं सांगतो. हाड जुळलं. माणूस अजून उठला नाय.”

 शर्मिला म्हणाली, “इतके दिवस हे अ‍ॅप बघतेय, पहिलाच माणूस खरं बोलला. मी सकाळी येते.”

आता खाट खरंच जाणार हे गोजराबाईंनी ओळखलं. त्यांनी सकाळी सगळ्यांचा डोळा चुकवून खाटेचं हॅन्डल काढलं आणि उशीच्या खोळीत सारलं. हॅन्डल नसेल तर घेणारी परत जाईल, इतकाच साधा हिशोब.

शर्मिला आली ती रात्रभर न झोपलेली. खाट तिने धड बघितलीही नाही. कठड्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. गोजराबाईंनी कण्हायला तोंड उघडलं, पण त्या पोरीचं तोंड बघून सूर लागेना.

“कोनाला गो, बाय?”

“आईला, आजी. ती म्हणते, मी आता काही उठत नाही.”

“कंची बाजू मोरली?”

“डावी.”

“माझी पन डावी,” गोजराबाई म्हणाल्या आणि उठून बसल्या. सल्ला द्यायची संधी आली की त्यांना पडून राहणं जमायचंच नाही. “आयक. जेवताना डोक्याकरं अकरा फेरे द्याचे. बारावा दिलास तं पाठीला कल येते. झोपताना चारच ठेवाचे. नि रातचा पानी उशाशी ठेव, नायतर म्हातारी उठाला बगल.” बोलता बोलता त्यांनी पाय खाली सोडले होते. “नि तिला सांग, जास्त दिस झोपू नको. ह्या खाटंची चटक लागते.”

हे आपणच बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या जरा थांबल्या. मग वाकर ओढला, उठल्या, चार पावलं टाकून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. “पंढरी, माझी उशी नि गोधरी इकरं दे. खाट ने.”

पंढरीने आईकडे बघितलं, जागृतीने पंढरीकडे. कोणीच काही विचारलं नाही, न जाणो म्हातारीचं मन फिरायचं. भराभर बोल्ट सुटले. शर्मिलासोबत आलेला टेम्पोवाला, त्याचा भाऊ, पंढरी आणि जागृती मिळून सगळं खाली नेऊ लागले. मनाली कॉलेजात होती. वर गोजराबाई एकट्याच उरल्या.

खाली टेम्पोत माल चढला. शर्मिलाने ठरलेले पैसे मोबाइलवरून पाठवले. पंढरीने खिशातून चिठ्ठी काढली आणि सवयीप्रमाणे एकेका ओळीपुढे खूण करत गेला. सांगाडा, दोन नग. कठडे, दोन नग. गादी, एक. हॅन्डल, एक.

हॅन्डल नव्हतं.

त्याने टेम्पोत बघितलं, गादीखाली बघितलं, टेम्पोवाल्याची पिशवी उलटी केली. जागृती जिन्यात शोधून आली. शर्मिलाचा फोन वाजला. दवाखान्यातून होता, कागद तयार आहेत, पेशंटला न्यायला कधी येता? तिचे डोळे डबडबले. हॅन्डल नसेल तर त्या खाटेत आणि बाकड्यात फरक काय? पंढरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एकोणतीस वर्षांत अपुरा माल त्याने कोणाच्या हाती दिला नव्हता, आणि आज दिला तो ह्या पोरीला.

वर गोजराबाईंनी पाठीला उशी टेकली आणि मणक्याला टणक काहीतरी रुतलं. त्या पार विसरून गेल्या होत्या. त्यांनी हॅन्डल बाहेर काढलं. खिडकीतून खाली बघितलं तर पोरगी रडत होती, आणि लेक पालथा पडून टेम्पोखाली शोधत होता. त्यांनी हाक मारली. टेम्पोच्या इंजिनाच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार?

खाली पंढरी कपडे झटकत उठला तेव्हा त्याला जिन्यातून आवाज आला. टण्. मग थोडं थांबून परत टण्. लोखंडावर लोखंड. तो जिन्याच्या तोंडाशी गेला. वरच्या वळणावर आधी दोन पावलं दिसली, मग हिरव्या लुगड्याचा काठ. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात हॅन्डल. एक पायरी उतरायची आणि हॅन्डल कठड्यावर वाजवायचं. वाकर वरच राहिला होता.

“आये!” तो धावला.

“थांब तिकरंच,” वरून हुकूम आला. “धरू नको. मी मोजते हाय.”

पंढरी थांबला. जागृतीने तोंडावर पदर धरला. टण्. टण्. इतक्या पायऱ्या आपल्या जिन्याला कधी झाल्या, असं त्याला वाटलं. गोजराबाई शेवटच्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथे खिळल्या. इथेच त्या घसरल्या होत्या. त्यांनी पायरीकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले, आणि मग म्हणाल्या, “आता हात दे.”

पंढरीने हात दिला. त्यांनी तो असा आवळला की त्याची अंगठी बोटात रुतली. पाऊल खाली टेकलं. मग दुसरं.

“घे गो बाय,” त्यांनी हॅन्डल शर्मिलाच्या हातात दिलं. “माझेच उशीन होतं. कसं गेलं ते इचारू नको.”

शर्मिला रडता रडता हसली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. पंढरीने चिठ्ठीवर ‘हॅन्डल, एक’पुढे खूण केली. खूण वाकडी आली. टेम्पो वळणावरून गेला, तरी तो चिठ्ठी हातात घेऊन उभाच होता. छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून नेलं होतं, आणि त्याला हुंदका येत होता की हसू, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

गोजराबाई ओट्यावर बसल्या. समोरच्या दोघी-तिघी धावत आल्या. “तीन महिन्यांचं सगलं सांगा,” गोजराबाईंनी फर्मावलं, “नि सुरवातीपासून सांगा.” जेवण त्यांनी खालीच मागवलं. वर चढताना दोनदा थांबल्या, पण चढल्या. त्या रात्री आपल्या जुन्या दिवाणावर निजल्या, आणि पडल्या-बिडल्या नाहीत.

पाच आठवड्यांनी वाकरही कोपऱ्यात धूळ खायला लागला. गोजराबाईच म्हणाल्या, “त्यो पन टाक त्या मोबाइलान.” पंढरीने फोटो काढला. मागे भिंतीवर हारातले वडील होते, बाजूला स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या गोजराबाई. या वेळी त्याने दोघांनाही फोटोत राहू दिलं. मजकूर लिहिला, ‘वाकर, नग एक. दोष : नाही. वापरणाऱ्या बाई रोज खाली ओट्यावर भेटतील.’

अर्ध्या तासात फोन वाजला. ‘अव्हेलेबल आहे का?’

पंढरीच्या कपाळावर जुनी आठी चढली. मग त्याने नाव वाचलं. शर्मिला होती. खाली आणखी एक ओळ आली, ‘आई कालपासून उभी राहते. आता वाकर लागेल म्हणतात.’

तो तसाच, चप्पल न घालता, दोन मजले खाली पळाला. गोजराबाई ओट्यावर सोडे निवडत बसल्या होत्या. त्याने मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

“तिला सांग, येऊन घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “पैशे घेऊ नको.”

“फुकट?” पंढरीने विचारलं. “आनि फुकट दिलं की आजार उलटून येतो त्यो नियम?”

“कंचा नियम?” गोजराबाई म्हणाल्या, आणि सोडे निवडू लागल्या.